मनगटावरची चिठ्ठी

वॉर्डात माणूस वारला की त्याच्या अंगावर दोन चिठ्ठ्या बांधायच्या असतात. एक मनगटाला, दुसरी पायाच्या घोट्याला. एक भिजून पुसली किंवा सुटून पडली तरी दुसरी राहावी म्हणून दोन. चिठ्ठीवर नाव, वय, वॉर्ड, रुग्ण क्रमांक, मृत्यूची तारीख आणि वेळ. खाली बांधणाऱ्या नर्सची सही. १९८७ ते २०२१ एवढ्या नोकरीत अशा किती चिठ्ठ्या मी बांधल्या, त्याची मोजदाद नाही. पण गाठ मारताना दोऱ्याच्या आत मी नेहमी माझं एक बोट धरत असे, म्हणजे दोरा कातडीत रुतत नाही. आता दुखायचं काही उरलेलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी बोट धरल्याशिवाय गाठ मारली गेली नाही.

मी केलगेरीची. धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की तळ्याकाठी आमचं गाव. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, पण आम्ही अजून गावच म्हणतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तळ्यावर फिरायला जाते. गल्लीत कोणाचं काही झालं की पहिला निरोप मला येतो. कोणी घरी गेलेलं असतं, कोणी दवाखान्यात. घरचे गांगरलेले असतात, आणि अशा वेळी कोणाला काय विचारायचं, काय मागायचं, कशावर सही करायची, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. जिवंतपणी आपला हक्क काय, हे लोकांना थोडंफार ठाऊक असतं. मेल्यानंतरही माणसाला काही हक्क असतो, हे मी सांगते तेव्हा बहुतेकजण माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

भाषेपासूनच सुरुवात करते. कन्नडमध्ये वडीलधाऱ्या माणसाला ‘अवरु’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘ते’ किंवा ‘त्या’, आदरार्थी. वस्तूला ‘अदु’. सात नंबरच्या खाटेवरच्या अज्जी सकाळी सातला ‘अवरु’ असतात. साडेसातला डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, मान हलवली, की आठला त्या ‘अदु’ होतात. मराठीतही तेच घडतं. ‘आजींना पाणी दिलं का?’ विचारणारी मीच तासाभरानं ‘सातची बॉडी गेली का?’ असं विचारत असे. कितीतरी वर्षं मी असंच बोलले. त्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. एका रात्री तीन-तीन माणसं गेलेली बघितल्यावर आपण उभं राहू शकतो, ते असल्या शब्दांच्या आधारानंच. पण नाव सुटलं की मागोमाग बाकीचंही सुटत जातं. आधी चादर, मग पडदा, मग दार. हे मला उशिरा कळलं, आणि कळलं ते बहिणीमुळे.

माझी धाकटी बहीण २०१६ साली रस्त्यावरच्या अपघातात गेली. नवऱ्यामागे स्कूटरवर बसली होती. मेहुणे वाचले. मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या काळी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन, म्हणजे पीएम, करत नसत. पोलिसांचा पंचनामा झालेला, पीएम सकाळी, तोवर रात्रभर तिला शवागारात ठेवायचं. मोठा दवाखाना होता. नाव सांगत नाही, कारण असं तिथेच घडतं असं नाही. मी तिथल्या बोळात शिरले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. स्ट्रेचर बोळाच्या मधोमध, येणाजाणाऱ्यांच्या वाटेत. अंगावर गुडघ्यापर्यंतच पुरेल असं एक कापड. साडी फाटलेली. आणि पलीकडे उभा असलेला एक पोरगा मोबाइल वर धरून फोटो काढत होता. तो दवाखान्याचा होता की कोणा दुसऱ्याचा नातेवाईक, मला माहीत नाही. मी माझी शाल काढून तिच्यावर घातली आणि सकाळपर्यंत तिथेच बसले. त्या रात्री मी नर्स नव्हते. आतलं मला सगळं ठाऊक होतं, दार कुठलं, किल्ली कोणाकडे असायला हवी, रजिस्टर कोणतं. तरीही ‘तिला आत घ्या’ एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आपण जास्त बोललो तर हे लोक तिला नीट वागवणार नाहीत, अशी भीती वाटत राहिली. मेलेल्या माणसाचे नातेवाईक असेच घाबरलेले असतात. आपलं माणूस त्यांच्या हातात असतं.

तिचा मुलगा तेव्हा दुसऱ्या गावी वसतिगृहात होता. त्याला मेहुण्यांच्या भावानं फोन लावला, तेव्हा तो आधीच रडत होता. कोणीतरी अपघाताचा म्हणून ग्रुपवर टाकलेला फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता, आणि त्यातली साडी त्यानं ओळखली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या वस्तू एका कागदी पुडीत मिळाल्या. मंगळसूत्र होतं, जोडवी होती, कानातली कुडी एकच होती. दुसरी रस्त्यावर पडली असेल. एवढ्या जोराची धडक होती, पडलीच असेल. पण पंचनाम्यात ‘कानातले दागिने’ एवढंच लिहिलेलं. एक की दोन, काही नाही. दवाखान्यात आणल्यावर काय होतं, शवागारात देताना काय होतं, याची नोंद कुठेही नव्हती. त्यामुळे आजही आमच्या घरात त्या कुडीचा विषय निघाला की कोणावर तरी संशय जातो. कधी पोलिसावर, कधी अटेंडरवर, एकदा तर मदतीला धावलेल्या रिक्षावाल्यावर. दोन ओळींच्या नोंदीनं हे सगळं टळलं असतं. मेलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू लांबवणं हा वेगळा, स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१५ व्या कलमात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि मृताच्याच पदरी असलेल्या नोकरानं केला तर सात. पण नेमकं काय होतं हे कागदावर नसेल, तर ते कलम कोणाला लावणार?

तिथून परत कामावर गेल्यावर मी माझ्या वॉर्डात एक वही सुरू केली. सरकारी नमुन्यात नव्हती, माझी होती. अंगावर काय आहे ते दोघींनी मिळून बघायचं, ‘सोन्याचं’ न लिहिता ‘पिवळ्या धातूचं’ लिहायचं, नग मोजायचे, नातेवाइकाची सही घ्यायची. दहा मिनिटांचं काम.

आता कायद्याकडे येते. हा भाग मी नोकरी संपल्यावर वाचून वाचून समजून घेतला. आपल्या राज्यघटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क आहे, आणि तो सन्मानानं जगण्याचा आहे. हा सन्मान मृत्यूनंतर देहालाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये पंडित परमानंद कटारा यांच्या प्रकरणात म्हटलं. प्रश्न फाशी दिलेल्या माणसाच्या देहाचा होता: मृत्यू झाल्यावरही तो दोरावर लोंबकळत ठेवायचा का? सगळ्या समाजानं ज्याला टाकलं, त्याच्या देहापासून हा विचार सुरू झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे २००२ मध्ये दिल्लीच्या फुटपाथवर मरणाऱ्या बेघरांसाठी आश्रय अधिकार अभियान न्यायालयात गेलं, तेव्हा बेवारस माणसालाही त्याच्या धर्माप्रमाणे नीट निरोप मिळाला पाहिजे, हे मान्य झालं.

आमच्या राज्यातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण तुमकूरकडचं. २०१५ साली तिथे एका एकवीस वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि खुन्यानं नंतर तिच्या देहावर अत्याचार केला. खालच्या न्यायालयानं खून आणि बलात्कार दोन्हींसाठी शिक्षा दिली. ३० मे २०२३ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयानं खुनाची जन्मठेप कायम ठेवली, पण बलात्काराची शिक्षा रद्द केली. कारण एवढंच, की बलात्काराच्या कलमातली स्त्री ही जिवंत व्यक्ती आहे. मृतदेह कायद्याच्या शब्दांत ‘व्यक्ती’ नाही. निकाल वाचताना मला माझे ‘अवरु’ आणि ‘अदु’ आठवले. न्यायमूर्तींनाही ही गोष्ट सहन झालेली नसावी, कारण ते तिथे थांबले नाहीत. इंग्लंड, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे यासाठी वेगळे कायदे आहेत, तसा आपल्याकडे करावा किंवा अनैसर्गिक संभोगाच्या ३७७ व्या कलमात दुरुस्ती करावी, अशी शिफारस त्यांनी केंद्र सरकारला केली. आणि राज्य सरकारला सांगितलं, की सरकारी असोत वा खासगी, सर्व रुग्णालयांच्या शवागारांत सहा महिन्यांत सीसीटीव्ही बसवा. शवागार स्वच्छ ठेवा. शवविच्छेदनाची खोली येणाजाणाऱ्यांच्या नजरेत येता कामा नये. एचआयव्ही आणि आत्महत्येच्या प्रकरणांतले कागद गुप्त ठेवा. मृतदेह कसा हाताळायचा, नातेवाइकांशी कसं बोलायचं, हे कर्मचाऱ्यांना शिकवा.

कायदा मात्र अजून झालेला नाही. उलट १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या ३७७ कलमासारखं कलमच राहिलं नाही, त्यामुळे ज्या कलमात दुरुस्ती सुचवली होती तेच गेलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या न्यायालयानंही हस्तक्षेप केला नाही. आज हातात आहे ते ३०१ वं कलम, जुनं २९७. स्मशानात घुसखोरी करणं, मृतदेहाची विटंबना करणं यासाठी एक वर्षापर्यंत कैद. आणि तीही कोणाच्या भावना दुखावण्याचा हेतू किंवा जाणीव सिद्ध झाली तर. म्हणजे दुखावले गेलेले आपण, जिवंत माणसं. ज्याची विटंबना झाली, त्याचं स्वतःचं म्हणून त्या कलमात काही नाही. मला हे चूक वाटतं. माझ्या बहिणीची लाज ही आधी तिची होती, आमची नंतर.

कोणी म्हणेल, असली प्रकरणं विरळा, त्यासाठी एवढी कुलपं कशाला? त्यांना मी इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. केंट परगण्यातल्या दोन रुग्णालयांत डेव्हिड फुलर नावाचा माणूस देखभालीच्या कामावर होता. विजेची, यंत्रांची दुरुस्ती करणारा. २०२० च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी त्याला पकडलं ते १९८७ मधल्या दोन तरुणींच्या खुनांसाठी. घराची झडती घेतली तेव्हा जे सापडलं त्यावरून कळलं, की २००५ ते २०२० या काळात त्यानं शवागारात ठेवलेल्या किमान १०१ मुली आणि स्त्रियांच्या देहांवर अत्याचार केले होते. सर्वांत लहान नऊ वर्षांची, सर्वांत मोठी शंभर. सर जोनाथन मायकल यांच्या चौकशी समितीचा पहिला अहवाल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, दुसरा जुलै २०२५ मध्ये. पहिल्या अहवालातला एक आकडा मी विसरू शकत नाही. एका वर्षात हा माणूस शवागारात ४४४ वेळा गेला होता. कुलूप तोडून गेला नव्हता. त्याच्याकडे दवाखान्यानं दिलेलं कार्ड होतं. प्रत्येक खेपेची नोंद यंत्रात आपोआप होत होती. ती नोंद कोणी उघडून वाचली नाही. ‘देखभालीचा माणूस एवढ्या वेळा, तोही इथली माणसं घरी गेल्यावर, इथे काय करतो?’ हा प्रश्न कोणालाही पडला नाही. मृतांना रात्रभर शीतकपाटाबाहेर ठेवलेलं असे, तेही कोणाला खटकलं नाही.

कॅमेरा, कुलूप, कार्ड हे सगळं तिथे आपल्यापेक्षा जास्तच होतं. नव्हतं काय, तर ही माणसं आपल्या हवाली आहेत असं समजून रोज नोंद बघणारा एक जण. आपल्याकडे निकालाप्रमाणे कॅमेरे बसतील, बसावेतच. पण त्याचं चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार, ते बाहेर जाणार नाही याची जबाबदारी कोणाची, हे ठरलं नाही तर त्या कॅमेऱ्याचीच भीती. ज्या पोरानं माझ्या बहिणीचा फोटो काढला, त्याच्या हातातही कॅमेराच होता.

यात एक मोठा धोका आहे, आणि तो मी मुद्दाम सांगते: असं बोलू लागलं की सगळा संशय शवागारातल्या गरीब माणसावर येतो. माझ्या नोकरीत मी ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकले, ते शवागारातले एक अटेंडर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कंत्राटी नोकरी, पगार कधी दोन-दोन महिने थकलेला, हातमोजे आम्ही वॉर्डातून द्यायचो. घरी जाऊन आंघोळ केल्याशिवाय बायको पोराला हात लावू देत नाही, असं एकदा सहज म्हणाले होते. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी हात जोडायचे, मग उचलायचे. उचलताना बोलायचे, ‘अज्जी, जरा थंड लागेल हं.’ एका सकाळी ते माझ्याकडे आले आणि कन्नडमध्ये म्हणाले, ‘अक्कारी, किल्लीची वही करून द्या. किल्ली कोणी नेली, केव्हा आणली, सही. उद्या आत काही कमीजास्त झालं तर सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार.’ शवागारात सगळ्यात आधी कुलूप आणि नोंद मागणारा माणूस तो होता. चांगल्या माणसाला नोंद अपमानाची वाटत नाही. ती त्याची ढाल असते.

आता दवाखान्यात आपलं माणूस गेलं तर काय काय होतं, ते थोडं सांगते, कारण माहिती असली की भीती कमी होते.

वॉर्डात डोळे मिटवतो, गरज वाटल्यास पापणीवर ओला कापूस ठेवतो. हनुवटीखालून पट्टी घेऊन जबडा बांधतो, हातपाय सरळ करतो, पायाचे अंगठे एकत्र बांधतो. हे लवकर करावं लागतं. मृत्यूनंतर दोन-चार तासांत अंग ताठायला लागतं, मग जबरदस्ती करावी लागते, आणि ती कोणाच्याच मनाला बरी वाटत नाही. नळ्या, सुया काढून पुसून घेतो. मृत्यू अपघाती, विषबाधेचा किंवा संशयास्पद असेल, म्हणजे ज्याला एमएलसी म्हणतात, तर मात्र नळ्या तशाच ठेवाव्या लागतात, अंग धुता येत नाही, कारण त्या खुणा पुराव्याच्या असतात. नातेवाईक रागावतात, ‘निदान तोंड तरी पुसा’ म्हणतात. तेव्हा ओरडून गप्प करण्यापेक्षा दोन मिनिटं थांबून कारण सांगितलं, तर बहुतेकांना पटतं. एमएलसीमध्ये देह पोलिसांच्या ताब्यात जातो, त्यांच्या पत्रावरून डॉक्टर शवविच्छेदन करतात, परत पोलिसांकडे, आणि तिथून घरच्यांकडे. रात्री पीएम नाही हा जुना नियम १५ नोव्हेंबर २०२१ पासून बदलला आहे. सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही ते करता येतं. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह, घातपाताचा संशय अशा प्रकरणांत मात्र सहसा नाही. त्यामुळे साध्या अपघातात रात्र काढावी लागणार असेल, तर कारण जरूर विचारावं.

आणि बिल. ‘पैसे भरा, मग बॉडी न्या’, हे वाक्य ऐकून दागिने गहाण ठेवायला धावलेली माणसं मी बघितली आहेत. कर्नाटकातल्या खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. बाकी रक्कम दवाखान्यानं नंतर वसूल करावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानंही १४ मे २०२१ रोजी केंद्राला आणि सर्व राज्यांना पाठवलेल्या सूचनांत हेच म्हटलं आहे. गंगेतून प्रेतं वाहत येत होती, ते हे दिवस. मृतांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा करा, वाहनात देह एकावर एक रचू नका, असं आयोगाला तेव्हा लिहून सांगावं लागलं.

कोविडमधलं मी फार लिहू शकत नाही. एकच सांगते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं मार्च २०२० मध्येच कोविडनं गेलेल्यांच्या देहाबद्दल सूचना काढल्या होत्या. पिशवीची चेहऱ्याकडची चेन कर्मचाऱ्यानं उघडून नातेवाइकांना शेवटचं दर्शन देता येईल, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. आंघोळ नाही, स्पर्श नाही, पण दर्शन आहे. तरी कितीतरी ठिकाणी तेही नाकारलं गेलं, कारण सूचना कोणी शेवटपर्यंत वाचली नव्हती आणि सगळे घाबरलेले होते. जून २०२० मध्ये बळ्ळारीत संरक्षक पोशाख घातलेली माणसं काळ्या पिशव्या एका खड्ड्यात फेकताना दिसली, त्याचं चित्रण देशभर गेलं. जिल्हा प्रशासनानं माफी मागितली, ती तुकडी बदलली. त्या दिवशी माझ्या मनात त्या माणसांविषयी राग आला आणि थोड्या वेळानं दुसरंही आलं: सहा-सहा तास त्या पोशाखात घामानं निथळत, न खाता, न पिता मीही काम केलं होतं. दमलेल्या, भ्यालेल्या माणसाच्या हातून सन्मान सर्वांत आधी निसटतो. म्हणून तो माणसाच्या मनावर सोडून चालत नाही, तो कामाच्या रीतीतच बसवावा लागतो. दोघांनी उचलायचं, दोरानं खाली सोडायचं, नाव वाचायचं.

आमच्या भागात निरोपाच्या रीती किती तऱ्हेच्या! शेजारच्या लिंगायत घरात माणसाला बसवून, गळ्यात हार घालून, बसलेलंच पुरतात. ते मेले असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाले म्हणतात. मुसलमान घरी बाईला बायकाच आंघोळ घालतात, तीही आडोसा धरून, अंगावर कापड ठेवून कापडाखालून पाणी ओतत. मेलेल्या बाईचीही लाज राखायची असते, हे मी त्यांच्याकडे प्रत्यक्ष पाहिलं. आमच्यात सवाष्ण गेली तर न्हाऊ घालून, हळदकुंकू लावून, हिरवी साडी नेसवून, ओटी भरून पाठवतात. माझी बहीण सवाष्ण गेली. तिला मात्र पीएमनंतर असं गुंडाळून दिलेलं होतं, की न्हाऊ घालणं शक्य नव्हतं. आईनं हिरवी साडी वरून पांघरली आणि कपाळाच्या जागी, कापडावरच कुंकू लावलं. शवविच्छेदनानंतर शिवण नीट घालणं, अंग पुसणं, चेहरा मोकळा ठेवून स्वच्छ चादरीत बांधणं, याला फार वेळ लागत नाही. ते ज्यांनी केलं, त्या डॉक्टरांची नि अटेंडरांची नावं घरातली माणसं वर्षानुवर्षं काढतात.

देहाला कापणं म्हणजेच विटंबना, असं मात्र नाही. बैलहोंगलचे डॉ. रामण्णवर यांची गोष्ट आमच्याकडे पुष्कळांना माहीत आहे. आयुर्वेदाचे वैद्य. आपला देह विद्यार्थ्यांना शिकायला द्यावा आणि विच्छेदन आपल्या मुलानंच करावं, अशी त्यांची इच्छा. मुलगा डॉ. महांतेश बेळगावच्या केएलईच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवणारा. वडील २००८ मध्ये गेले, आणि दोन वर्षांनी, २०१० च्या नोव्हेंबरमध्ये, मुलानं विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. मी हे प्रथम वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता वाटतं, एवढ्या आदरानं कोणाच्या देहाला हात लागला असेल? त्या टेबलावर असलेल्याचं नाव त्या हातांना ठाऊक होतं. हल्ली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात मृतदेहाशी आदरानं कसं वागायचं, हे शिकवण्याची तरतूदच आहे. बऱ्याच महाविद्यालयांत पहिल्या दिवशी मुलं देहासमोर उभी राहून शपथ घेतात.

या सगळ्यातून माझ्या मनानं घेतलं, की आपणही देह द्यावा. घरात सांगितलं तेव्हा मुलगी गप्प बसली. रात्री भांडी आवरताना म्हणाली, ‘आई, मावशीला बोळात ठेवलं होतं तसं तुला तिथे कुठे ठेवतील, काय सांगावं?’ तिला मी उगाच धीर दिला नाही. तिचा प्रश्न खरा होता. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी आमच्या भागातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. शरीररचना विभागातल्या बाईंना आधी फोन करून ठेवला होता. आम्ही काय काय बघितलं, ते सांगते. दाराला कुलूप होतं. किल्ली विभागातल्या लिपिकाकडे होती आणि नेताना त्या बाईंनी स्वतः सही केली. भिंतीवर मोबाइल आत नेऊ नये, अशी पाटी होती. त्यांनी आमचेही बाहेर ठेवायला लावले, ते मला सगळ्यात आवडलं. आत प्रत्येक टेबलावर पांढरी चादर पायापासून डोक्यापर्यंत होती. मुलीनं विचारलं, ‘यांची नावं मुलांना सांगता का?’ बाई म्हणाल्या, ‘नाव नाही सांगत, घरच्यांची गुप्तता असते. पण नोंदीत असतं. आणि काम संपल्यावर घरच्यांना कळवतो.’ मग त्यांनी ती नोंदवही आणून दाखवली, नावांवर कागद धरून, फक्त रकाने दिसतील अशी.

फॉर्म मी आणला आहे. साक्षीदार म्हणून दोन सह्या लागतात, जवळच्या नातेवाइकांच्या. मुलीची झाली आहे. मुलगा बंगळूरला असतो, त्याला फोनवर सांगितलं तर ‘आई, आत्ता कशाला हा विषय’ म्हणाला. दिवाळीला तो येईल, तेव्हा आधी त्याला ते दार दाखवायला नेणार आहे, मग फॉर्म पुढे ठेवणार आहे. तोवर तो कपाटात आहे, बहिणीच्या त्या एका कुडीच्या डबीखाली.